निपाहसारखी साथ आली आणि ड्युटी आयसोलेशनला लागली तर

हे वॉर्डात काम करणाऱ्या नर्स पोरींसाठी लिहितेय, ब्रदर लोकांनीपण वाचा, मॅनेजमेंटने वाचलं तर उत्तमच. केरळात निपाहचा पेशंट सापडल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे चेंजिंग रूममधे कुजबुज सुरू होते की आपल्याकडे आला तर आयसोलेशनला कोणाची नावं लागणार, आणि दुसरं म्हणजे घरून फोन येतो की रजा टाक, नोकरी काय दुसरी मिळेल. आपण दोन्हीकडे हसून "काही नाही होत गं" म्हणतो आणि रात्री डोळे टक्क उघडे. पोटात गोळा येतो तो काही भित्रेपणा नाही, आपल्याला वॉर्डात काय होतं ते माहिती असतं म्हणूनच येतो. ज्याला सक्शन करताना (पेशंटच्या घशातला कफ नळीने ओढताना) तोंडावर काय उडतं ते माहिती नाही तो निवांतच असणार ना.

तर भीती घालवायची कशी हे मी सांगत नाहीये, ती जात नाही, कोविडमधे पहिली लाट संपेपर्यंत माझी तरी गेली नव्हती. तिच्यातून कामाचे प्रश्न कसे काढायचे आणि ते कोणाला विचारायचे तेवढं सांगते.

आधी रोग नीट समजून घ्या, फॉरवर्ड वाचून नाही

कुठलीही साथ असो, पाच गोष्टी एका कागदावर लिहून काढा. कशातून पसरतो, पेशंट कधीपासून पसरवायला लागतो, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला किती दिवस, लस किंवा औषध आहे का, आणि साध्या साबणाने-सॅनिटायझरने मरतो का. ही पाच उत्तरं मिळाली की अर्धा धुरळा खाली बसतो.

निपाहचंच बघा. वटवाघळांकडून माणसात येतो, मग आजारी माणसाच्या लाळेतून, खोकल्याच्या थेंबांतून, लघवीतून, रक्तातून, जवळून सेवा करणाऱ्याला लागतो. लक्षणं बहुतेकांना ४ ते १४ दिवसांत दिसतात. ताप, डोकेदुखी, उलट्या, मग गुंगी, झटके, काहींना श्वासाचा त्रास. मान्यता मिळालेली लस नाही, खात्रीचं औषध नाही, आणि मृत्यूचं प्रमाण ४० ते ७५ टक्के सांगतात. हा आकडा वाचूनच हातपाय गार पडतात, कबूल. पण त्याच कागदावर पुढच्या दोन ओळीपण लिहा. हा विषाणू साबणाने आणि अल्कोहोलच्या हँडरबने मरतो. आणि गोवर किंवा कोविडसारखा तो सुसाट पसरत नाही, सरासरी काढली तर एका पेशंटमागे एकापेक्षा कमी माणसाला लागतो, म्हणूनच आतापर्यंतच्या निपाहच्या साथी विझल्या. लागतो तो मुख्यतः जवळून सेवा करणाऱ्यांना, आणि ज्या पेशंटला खोकला-दम जास्त त्याच्याकडून जास्त. म्हणजे धोका आपल्याला आहेच, पण बसमधे शेजारी बसलेल्या बाईला नाही. घरच्यांना हेच शांतपणे सांगता येतं.

कोविडचं उलट होतं, लक्षणं यायच्या आधीच माणूस पसरवायचा. इबोलाचं वेगळं, लक्षणं येईपर्यंत पेशंट कोणाला देत नाही, पण शेवटच्या दिवसांत त्याच्या उलटी-जुलाबात विषाणू खच्चून असतो. म्हणून "कोविडमधे असं केलेलं" हे प्रत्येक साथीला लावू नका.

खरी भीती कुठे बाळगायची

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबण लावते. २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोझिकोड आणि मलप्पुरमला निपाह आला तेव्हा पेरांब्राच्या तालुका हॉस्पिटलमधे लिनी पुतुश्शेरी नावाच्या सिस्टरने पहिल्या पेशंटची सेवा केली होती. तेव्हा कोणालाच माहिती नव्हतं की हा निपाह आहे, तापाचा एक पेशंट एवढंच. २१ मे ला ती गेली, मागे दोन लहान मुलं. त्या साथीत १७ जण गेले आणि बहुतेकांना लागण हॉस्पिटलमधेच झाली, रोगाचं नाव कळायच्या आधी, कॅज्युअल्टीत, वॉर्डात, एक्सरे-स्कॅनच्या बाहेर थांबलेल्या गर्दीत. २००१ ला बंगालमधे सिलिगुडीला निपाह आला तेव्हापण तेच, लागण झालेल्यांत बरेच जण हॉस्पिटलचा स्टाफ आणि पेशंटला भेटायला आलेले लोक.

इबोलाचंही तसंच. २०१४ ला अमेरिकेत डॅलसला एक पेशंट ताप घेऊन आला, पश्चिम आफ्रिकेतून (तेव्हा तिकडे इबोलाची साथ होती) आलोय हे त्याने सांगितलं होतं, तरी गोळ्या देऊन घरी पाठवला. दोन-तीन दिवसांनी ॲम्ब्युलन्सने परत आला. त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली, दोघी बऱ्या झाल्या. अमेरिकेसारख्या देशात, सगळं साहित्य असताना हे झालं. त्यानंतर तिकडच्या सूचना बदलल्या, कातडीचा एक इंचही उघडा ठेवायचा नाही, किट (पीपीई, अंगभर घालायचा संरक्षक पोशाख) घालायची-काढायची आधी पुन्हा पुन्हा प्रॅक्टिस करायची, आणि काढताना एक शिकलेला माणूस समोर उभा राहून बघणार म्हणजे बघणारच.

यातून मी जे घेतलं ते असं की आयसोलेशन वॉर्ड हा त्यातल्या त्यात सुरक्षित वॉर्ड. तिथे सगळे सावध असतात, किट असतं, दारावर माणूस असतो. धोका आहे तो रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत, तापात बरळणारा पेशंट, सोबत चार नातेवाईक, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई) लागत नाहीये, आणि आपल्या तोंडावर मास्क आहे तो हनुवटीवर. म्हणून साथीच्या बातम्या असोत नसोत, ताप आणि गुंगी किंवा ताप आणि दम असा पेशंट आला की मास्क, ग्लोव्हज, आणि सक्शन-नेब्युलायझर असेल तर एन-९५ आणि गॉगल. आणि हिस्टरी घेताना तीन प्रश्न: गेल्या तीन आठवड्यांत कुठे जाऊन आला, घरात-शेजारी अजून कोण असंच आजारी आहे किंवा गेलंय, कुठल्या हॉस्पिटलला दाखवून आलाय. उत्तर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि शिवाय तोंडीपण सांगा, नुसतं लिहिलेलं राऊंडच्या घाईत कोणी वाचत नाही. डॉक्टर म्हणतील सिस्टर तुम्ही जास्तच विचार करता. म्हणू देत.

नाव लागलं की पहिल्या दिवशीच काय विचारायचं

रोस्टरवर नाव दिसलं की रडू येतं, राग येतो, "मीच का" येतं, सगळं येऊन जाऊ द्या आणि मग इनचार्ज सिस्टरकडे किंवा मेट्रन मॅडमकडे एकटी जाऊ नका, ज्यांची ज्यांची नावं लागलीत त्या सगळ्या मिळून जा. भांडायला नाही. "मॅडम, आम्ही ड्युटी करणार आहोत, पण त्याआधी हे कळलं पाहिजे" असं सुरू करायचं. नाही म्हणत नाही हे पहिल्या वाक्यात कळलं की समोरचा माणूस ऐकून घेतो, हा माझा अनुभव आहे.

विचारायचं ते हे: किट किती आहेत आणि कुठल्या साईझचे, कारण आपल्याकडे एक्स्ट्रा लार्जचा गठ्ठा येतो आणि पाच फुटाची सिस्टर त्यात पाय अडकून पडते, तिचं किट बगलेत नाहीतर बुडाशी फाटतं. एका वेळी आत किती तास. किटमधे चार तासांच्या पुढे माणूस घामाने आणि तहानेने एवढा थकतो की काढताना हात थरथरतो, आणि काढतानाच तर सगळा खेळ आहे. ट्रेनिंग कोण देणार, कधी. आत जाताना जोडीदार कोण. मला ताप आला किंवा सुई टोचली तर फोन कोणाला, ॲडमिट कुठे करणार, खर्च कोणाचा. राहायची सोय आहे का. ड्युटीनंतरचे दिवस रजा धरणार की ड्युटी. हे शेवटचे दोन प्रश्न विचारताना आवाज बारीक होतो सगळ्यांचा, पण विचाराच.

गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, दमा असेल, स्टिरॉईड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, लेखी द्या, आणि दिलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अजून कोणाला कळलं नसेल अशी पहिल्या महिन्यातली असाल तरीपण. लोक काय म्हणतील, ड्युटी टाळायला कारण काढलं म्हणतील, म्हणोत. आणि बाकीच्यांनी अशा पोरीला टोमणे मारू नका प्लीज. तिच्या वाटची ड्युटी आपल्याला पडली की राग येतो हे मला माहिती आहे, पण राग रोस्टर बनवणाऱ्यावर काढा.

कंत्राटी पोरींसाठी वेगळं सांगते कारण त्यांच्या हातात काहीच कागद नसतो. कोविडमधे केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा काढला होता, त्यात कंत्राटी, रोजंदारी, आऊटसोर्स सगळे धरले होते, पण ही व्यक्ती कोविडच्या ड्युटीवर होती असं लेखी दाखवावं लागायचं. पुढच्या साथीला अशी योजना असेल नसेल, पण ऑर्डरची प्रत, रोस्टरचा फोटो, हजेरीचा फोटो हे तुमच्या मोबाईलवर आणि घरातल्या एका माणसाच्या मोबाईलवर पाहिजेच. "सिस्टर उद्यापासून तिकडे बसा" असं तोंडी सांगितलं तर हसून म्हणायचं, बसते, फक्त व्हॉट्सॲपवर टाका ना.

किट घालणं सोपं, काढणं अवघड

घालायच्या आधी: बाथरूमला जाऊन या, पाणी प्या, थोडं खा, पाळी असेल तर नवीन पॅड. नखं कापलेली. बांगड्या, अंगठी, घड्याळ, कानातलं, चमकी, सगळं काढून घरीच ठेवा. मंगळसूत्रावरून दरवेळी वाद होतो. घरातलं मोठं माणूस म्हणतं गळा मोकळा नको, आणि सिस्टर ते किटच्या आत ठेवते, मग ते घामाने टोचायला लागतं आणि हात आपोआप गळ्याशी जातो. घरी डब्यात ठेवा, कोणाचं आयुष्य कमी होत नाही. ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनी साधा काळा दोरा बांधा जो नंतर कापून टाकता येईल. केस घट्ट अंबाड्यात, बटा टोपीच्या आत, एक बट जरी गालावर आली तरी दोन तास ती जीव काढते. चष्मेवाल्यांनी मास्कची वरची पट्टी नाकावर दोन्ही बोटांनी दाबून बसवा, एका हाताने चिमटा काढल्यासारखी दाबली की मधे टोक येतं आणि तिथून हवा जाते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर मास्क बसलेला नाही, परत बसवा. सर्जिकल मास्कवर मास्क चढवून एन-९५ होत नाही.

आता काढणं. क्रम तुमच्या किटप्रमाणे थोडा बदलतो, भिंतीवर जो तक्ता लावलाय तोच पाळा, पण सगळ्या क्रमांमागचं तत्त्व एकच: सगळ्यात घाण ते आधी, तोंडावरचं शेवटी, आणि मास्क खोलीच्या बाहेर आल्यावर. प्रत्येक पायरीनंतर हातावर हँडरब, ग्लोव्हज घातलेले असले तरी. किट आतून बाहेर असं उलटं करत काढायचं, उशीचा अभ्रा ओढून काढतो तसं, म्हणजे बाहेरची बाजू आत गुंडाळली जाते. झटकायचं नाही, ओढाताण नाही. गॉगल आणि मास्क मागच्या पट्टीला धरून, डोळे मिटून, पुढे वाकून, पुढच्या बाजूला हात न लावता. आणि मग साबणाने हात, ४० ते ६० सेकंद, अंगठे विसरतात सगळ्या.

हे वाचून येत नाही, करून येतं. आमच्याकडे आम्ही एक युक्ती केली होती, ती कुठल्याही छोट्या हॉस्पिटलात जमेल. रद्दीत काढलेलं एक किट घ्यायचं, घालायचं, आणि मैत्रिणीने वाटीत कालवलेलं घट्ट हळदीचं पाणी ग्लोव्हजवर, पोटावर, गॉगलच्या काचेवर फासायचं. मग नेहमीसारखं किट काढायचं आणि ट्यूबलाईटखाली उभं राहून बघायचं पिवळं कुठे कुठे लागलंय. मनगटावर, कानामागे, मानेवर, एकीच्या तर भुवईवर होतं. चेष्टामस्करी भरपूर झाली पण त्यानंतर तिचा हात कधी घाईत चेहऱ्याकडे गेला नाही. हळद जिथे दिसली नाही असं सलग काही वेळा होईपर्यंत प्रॅक्टिस करा, मग आत जा. लेक्चर ऐकून जेवढी भीती कमी होत नाही तेवढी या हळदीने होते.

जोडीदार काढताना मोठ्याने एकेक पायरी वाचणार आणि तुम्ही फक्त ऐकणार. सीनियर असलात तरी. "मला येतं गं" म्हणणाऱ्या सीनियरचीच मला जास्त काळजी वाटते.

आत असताना

जाण्याआधी ट्रे पूर्ण लावून घ्या, औषधं, सिरिंज, कॉटन, टेप, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), स्पंजिंगचं, बेडपॅन, म्हणजे एका फेरीत चार कामं होतील आणि सारखं आत-बाहेर नको. मोबाईल बाहेर. खाज आली तर येऊ द्या, भिंतीला पाठ घासा हवं तर. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे शिकवलेलं सगळ्यांना असतं आणि रात्रीच्या शेवटच्या तासाला विसरलेलंही सगळ्यांनाच असतं, म्हणून शार्पचा डबा (वापरलेल्या सुया टाकायचा) हाताच्या अंतरावर ठेवा. रक्त किंवा उलटी सांडली तर आधी कागद-कापड टाकून झाका, त्यावर १ टक्का हायपो (हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी), थोडा वेळ थांबा, मग उचला. कचऱ्यात मास्क-टोपी-कॉटन पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज-गॉगल-प्लास्टिकचं किट लाल पिशवीत. आणि मावशी-मामांना (वॉर्डातल्या सफाई कर्मचाऱ्यांना) ट्रेनिंग आपल्याबरोबरच द्यायला लावा. पिशवी शेवटी तेच उचलतात, आणि किट वाटताना त्यांचंच नाव यादीत नसतं.

पेशंटला आपला चेहरा दिसत नाही, सगळे पांढरे बाहुले. छातीवर स्केचपेनने नाव लिहा, मोठ्ठं. "मी सुनीता, रात्रीची सिस्टर" एवढं वाचून माणूस निवळतो, आणि खरं सांगायचं तर आपणही निवळतो. पेशंट घाबरला की ओढाताण करतो आणि ओढाताणीतच नळ्या निघतात, किट फाटतं.

आणि काही झालंच तर. सुई टोचली तर जागा पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने किंवा सलाईनने धुवा. किट फाटलं तर काम तिथेच थांबवून बाहेर. मग लगेच सांगा, त्याच मिनिटाला, शिफ्ट संपायची वाट बघू नका, रागावतील म्हणून लपवू नका. सुई टोचल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या जमल्यास दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, हिपॅटायटिस बी ची लस झाली असेल तरी टायटर (लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी) कधी केलाय का ते आठवा. साथीचा रोग डोक्यात असतो आणि हे रोजचे रोग विसरतात. नंतर २१ दिवस ताप बघतात, इबोलालाही आणि निपाहलाही.

घरी काय ठरवायचं

घरच्यांशी एकदाच नीट बसून बोला, तुकड्या-तुकड्यांत नको. नवऱ्याला, आईला, सासूबाईंना तो पाच ओळींचा कागद वाचून दाखवा. मी कुठे झोपणार, मुलांना कोण बघणार, मला ताप आला तर मी घरी येणार नाही थेट हॉस्पिटलला जाणार, हे आधी ठरलेलं बरं. सासूबाई म्हणतील आमच्या वेळी पण साथी होत्या, त्यांना म्हणावं हो आई, म्हणूनच सावित्रीबाई प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन गेल्या आणि त्यातच १८९७ ला त्यांना मरण आलं, त्यांच्याकडे ग्लोव्हज नव्हते, माझ्याकडे आहेत.

हॉस्पिटलातच अंघोळ करून, कपडे बदलून या, तिथे सोय नसेल तर ती मागा. मोबाईल ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. अंगाला हायपो किंवा डेटॉलच्या बादल्या ओतू नका, कातडी फाटते आणि फाटलेली कातडी जास्त धोक्याची. लहान पोरांना खरं सांगा, त्यांना कळेल एवढंच. "आई थोडे दिवस वेगळ्या खोलीत, व्हिडिओ कॉलवर गोष्ट." आई कामावरून येतच नाही म्हणून थापा मारल्या की ती जास्त घाबरतात.

नॉमिनी, पीएफ, विमा, बँकेचं, सगळं एका फाईलमधे लावून ठेवा आणि फाईल कुठे आहे ते एकाला सांगा. आई म्हणेल अपशकुनी बोलू नको. ट्रेकला जाणारी पोरंपण घरी पत्ता सांगून जातात की.

घरमालक आणि सोसायटीचा त्रास कोविडमधे कितीजणींनी काढला ते आठवतं. एप्रिल २०२० मधे साथरोग कायद्यात बदल केला, आणि आरोग्य कर्मचाऱ्याचं राहणं किंवा काम करणं मुश्किल होईल असा त्रास देणं हेही हिंसेत धरलं. तो मूळ कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमुळेच आलेला. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एक पत्र घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच द्या, भांडण व्हायची वाट बघू नका. आणि हो, आपल्या मल्याळी मैत्रिणी २०१८ ला सुट्टीवरून परत आल्या तेव्हा काही ठिकाणी आपल्याच लोकांनी त्यांच्या शेजारी डबा खायला नको म्हटलेलं. सोसायटीवाल्यांना नावं ठेवताना ते पण आठवावं.

डोक्यात जे चालतं त्याचं

एन-९५ काढल्यावर घसा कोरडा पडतोच, पाणी न पिता डोकं दुखतंच, झोप नसली की अंग कसकसतंच. आणि प्रत्येकवेळी वाटतं झालं, लागला. म्हणून ताप दिवसातून दोनदाच बघायचा, ठरलेल्या वेळी, वहीत लिहायचा. दर तासाला थर्मामीटर लावणारी पोरगी शेवटी ९९ बघून रडत बसते. ताप खरंच आला तर फोन करायचा, क्रोसिन घेऊन ड्युटीला जायचं नाही, हे मात्र शंभर वेळा सांगेन.

बातम्या दिवसातून एकदा, तेही आरोग्य खात्याचं नाहीतर आयसीएमआरचं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद). बाकी ग्रुप म्यूट. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) २०२१ मधे सांगितलं तेव्हा लोकांचं धाबं दणाणलेलं, स्ट्रॉबेरी खायची का नाही इथपर्यंत गोष्टी गेल्या. ते संशोधन वटवाघळांवरचं होतं, पेशंट कोणी नव्हता. ज्या एनआयव्हीच्या नावाने लोक घाबरतात तिथेच देशातले निपाहचे नमुने तपासले जातात, हे उलट आपल्या जमेचं आहे.

आणि बरे झालेल्यांची माहितीपण ठेवा. २०१८ ला जे वाचले त्यांच्यात एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती. २०२३ ला कोझिकोडला परत निपाह आला, सहा जणांना झाला, दोघे गेले, चौघे बरे झाले, त्यात एक आरोग्य कर्मचारी होता. पाच वर्षांत केरळच्या लोकांनी लवकर ओळखणं, कॉन्टॅक्ट शोधणं, आयसोलेशन, सगळं पक्कं केलं होतं.

एक माणूस निवडा जिच्याशी खरं बोलता येईल, शक्यतो त्याच ड्युटीतली, कारण घरच्यांना सांगितलं की ते अजून घाबरतात आणि मग आपणच त्यांना धीर देत बसतो. झोप उडालीच असेल, सारखं रडू येत असेल, आत जाताना छातीत धडधडून पाय उचलत नसेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, मराठीतपण बोलतात, फुकट आहे. आपल्याला सगळे योद्धे वगैरे म्हणतात, टाळ्या-थाळ्या वाजवतात, चांगलं वाटतं क्षणभर, पण योद्धा म्हटलं की घाबरले म्हणायची सोय राहत नाही. मला त्यापेक्षा बरोबर साईझचं किट आणि वेळेवर पगार दिला तर जास्त आवडेल.

ड्युटी संपली की एक काम उरतं. कुठल्या साईझचे ग्लोव्हज आधी संपले, कुठला गॉगल धुरकट व्हायचा, कोणत्या शिफ्टला माणूस कमी पडला, डॉफिंगच्या (किट काढायच्या) खोलीत आरसा नव्हता, मावशींना किट दुसऱ्या दिवशी मिळालं, हे सगळं आठवतंय तोवर एका पानावर लिहून इनचार्ज सिस्टरच्या रजिस्टरला लावून द्या, तारीख टाकून. पुढच्यावेळी स्टोअरमधून मागणी जाईल तेव्हा ते पान इंडेंटला जोडायचं.